भांडं किती घासायचं आणि किती वेळा विसळायचं? (नळ आठ दिवसांनी येतो त्या घरासाठी विचारतेय)

औसेकरीण | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आम्ही लातुरात राहतो. आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतो, कधी दहा. अंगणात हजार लिटरची टाकी, न्हाणीत दोन बॅरल, आत घडवंचीवर दोन घागरी आणि एक माठ. घरात सहा माणसं: मी, हे, सासूबाई, मामंजी आणि दोन लेकरं. धाकटा साडेतीन वर्षांचा.

आमच्याकडे घासून पालथं घातलेलं भांडं वापरायच्या आधी पुन्हा विसळलं जातं. सासूबाईंचा तो नेम आहे. परात, तवा, वरणाचं भगुनं, ताटं, तांब्या, सगळं. "रात्रभर उघडं होतं, पाल फिरली असंल, झुरळ फिरलं असंल," हे त्यांचं कारण, आणि ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. गेल्या आठवड्यात मी मोजलं. नुसत्या ह्या दुसऱ्या विसळण्याला दिवसाला दीड बादली जाते. उन्हाळ्यात दीड बादली म्हणजे आमच्याकडे एका माणसाची आंघोळ.

एवढं करूनही धाकट्याला दोन महिन्यांत दोनदा जुलाब लागले. दुसऱ्या वेळी सलाईन लावावी लागली. त्याच्या हाताला सुई, आणि मी उशाशी बसून विचार करतेय की ताटं तर आपण आरशासारखी करतो, मग हे आलं कुठून? सासूबाई म्हणाल्या, "भांडे नीट निघत नसतील, आजून एकदा विसळत जाऊ." मला वाटतं चूक दुसरीकडंच आहे, पण कुठं ते कळंना.

भांडं खरंच किती स्वच्छ लागतं? पाणी कमी असताना हात कुठं आखडता घेतला तर चालतो आणि कुठं अजिबात चालत नाही? सासूबाईंना खोडून काढायचं नाहीये मला. २०१६ चा उन्हाळा त्यांनी ह्याच घरात काढलाय. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या दिवसांत रात्री दोन दोन वाजता उठून टँकरवर घागरी भरल्यात. पाण्याची किंमत त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे, म्हणून तर कोडं पडतं.

माळवद | रविवार, रात्री १०:०५

ताई, लेकरू आता कसं आहे ते आधी सांगा.

आमच्या आजीनं जन्मात भांड्याला साबण लावला नाही. चुलीतली राख चाळून एका डब्यात, नारळाची शेंडी, बस. पितळेला चिंच. जर्मलचं भगुनं असंल तर राखेत थोडी बारीक वाळू. नव्वदीपर्यंत जगली आणि आम्ही अकरा नातवंडं त्याच ताटांत जेवलो. मला वाटतं साबणाच्या फेसानंच पाणी जास्त लागायलंय. राखेचं भांडं दोन तांब्यात निघतं.

औसेकरीण | रविवार, रात्री १०:१२

आता बरा आहे दादा, खेळतोय. दवाखान्यातून ओआरएसची पाकिटं आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या दिल्यात, त्या चालू आहेत.

राख आता आणायची कुठून? गॅस आल्यापासून चूल फक्त पाणी तापवायला, आणि तिच्यात मामंजी हाताला येईल ते घालतात, प्लास्टिकसुद्धा.

नांदेडची मास्तरीण | सोमवार, सकाळी ७:३०

औसेकरीणताई, झिंकचा कोर्स पूर्ण करा. जुलाब थांबले म्हणून गोळ्या मधेच सोडू नका.

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पोरांना दर वर्षी पहिल्या तासाला सांगते की भांडं घासताना आपण जंतू मारत नसतो, काढत असतो. साबण तेलकट थर सोडवतो, घासणी तो ओरबाडते आणि पाणी वाहून नेतं. जंतू त्या थरासकट जातात. म्हणजे वाहतं पाणी थोडं असलं तरी काम होतं, पण साचलेल्या पाण्यात बुचकळलेलं भांडं म्हणजे आधीच्या चार भांड्यांतली घाण पाचव्याला लावणं.

माळवददादा, तुमच्या आजीचं बरोबर होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कली आहे. तेलाशी त्याची गाठ पडली की थोडाबहुत साबणच तयार होतो, शिवाय राख खरखरीत, म्हणून घासणीचंही काम करते. पण ती राख पऱ्हाट्या-तुराट्यांची होती. प्लास्टिक किंवा रंग लावलेलं लाकूड जाळलेल्या चुलीतली राख भांड्याला लावू नये. आणि वाळू किंवा अंगणातली माती तर नकोच. तिथं कोंबड्या, कुत्री, बारकी लेकरं सगळे येतात, त्यातून जंताची अंडी थेट ताटात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाळणं. जंतूंना वाढायला ओल लागते, अन्न लागतं, ऊब लागते. आपल्याकडे ऊब बाराही महिने फुकट. ई. कोलायसारखा जंतू पोषक आणि उबदार जागी वीस मिनिटांत दुप्पट होतो. रात्री दहाला एक असला तर पहाटे पाचपर्यंत वीस लाखांवर जातात, हे नुसतं गणित आहे, करून बघा. म्हणून रात्रभर भिजत टाकलेलं खरकटं धोक्याचं. उलट घासून कोरडं झालेल्या स्टीलच्या ताटात जंतूंना काहीच मिळत नाही, बहुतेक मरून जातात. मराठवाड्याचं ऊन त्या बाबतीत वरदान आहे. दुपारी गच्चीवर तासभर भांडी टाकली तर शेवटचा थेंबसुद्धा उरत नाही.

म्हणजे ताई, तुमच्याकडे रात्री घासलेलं भांडं सकाळपर्यंत नीट वाळलेलं असेल तर ते त्या घरातल्या सगळ्यात स्वच्छ वस्तूंपैकी एक आहे. त्याला पुन्हा पाणी लावताना विचारायचा प्रश्न असा, की कुठलं पाणी? पिण्याचं, झाकलेलं, वरून ओतलेलं असेल तर नुकसान काही नाही, फक्त पाणी जातं. पण ते पाणी स्वतःच घाण असेल तर कोरड्या ताटाला आपण हातानं जंतू लावतोय.

दुसरं, कुठलं भांडं? तवा तापणार आहे. कुकर, वरणाचं भगुनं, चहाचं पातेलं ह्यांत पदार्थ खळखळ उकळणार आहे. तिथं पुन्हा विसळून काय साधतं? जपायचं ते ज्यात पुढे काहीच तापणार नाही त्याला: ताट, वाटी, पेला, दह्याचं भांडं, काकडी-कांदा चिरायची विळी, चटणीच्या डब्यातला चमचा.

आणि घासणी बघा. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी घरात वापरलेले १४ स्पंज तपासले. एका घनसेंटिमीटरमध्ये पाच हजार कोटींपर्यंत जंतू मिळाले. सगळेच रोग करणारे नव्हते, पण स्पंज उकळून-बिकळून वापरणाऱ्या घरांतही आकडा कमी नव्हता. त्यामुळे मी सांगते, साबणाच्या वाटीत बुडालेली घासणी हे सगळ्यात वाईट. पिळून टांगा, वाळू द्या, आणि वास यायला लागायच्या आत टाकून द्या. शेंडी किंवा तारेची घासणी लवकर वाळते म्हणून बरी.

घडवंची | सोमवार, सकाळी ८:१५

पण पाल-झुरळाचं काय? सासूबाईंची ती शंका मला रास्त वाटते.

नांदेडची मास्तरीण | सोमवार, सकाळी ८:४०

रास्तच आहे. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू असू शकतो, झुरळ मोरीतून थेट ताटांवर येतं. पण त्याला उपाय झाकणं हा आहे. भांडी पूर्ण वाळली की पालथी करून वर स्वच्छ कोरडं धोतर किंवा जुनी साडी टाका. ओल्या भांड्यांवर फडकं टाकू नका, आत घाम धरतो. मोरीजवळ जमिनीवर टोपल्यात ठेवू नका, कंबरेइतक्या उंचीवर ठेवा. आणि रात्री खरकटं मोरीत राहू दिलं नाही तर झुरळांना यायचं कारणच निम्मं होतं.

कोयता | सोमवार, दुपारी २:२०

बीड जिल्ह्यातला आहे. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी बारावीपर्यंत दर साली दिवाळीनंतर त्यांच्यासोबत. आता नोकरीला आहे. हा विषय वाचून राहवलं नाही.

कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या आमच्या झोपडीत, भांडी किती, तर एक तवा, दोन भगुने, चार ताटल्या, एक कळशी. पाणी पाटाचं नाहीतर शेतमालकाच्या विहिरीचं, तेही त्यानं हो म्हटलं तर. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, कारण पाचला फडात उभं राहावं लागायचं. भांडी घासायला संध्याकाळशिवाय वेळ नाही. मग तिनं एक केलं होतं. जेवण झालं की ताट भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून खायचं, असं की ताटात डाग राहिला तर ती परत भाकर द्यायची. मग कोरडी राख टाकून चिंधीनं पुसायचं आणि कोपीवर उन्हात उपडं ठेवायचं. पाणी नाहीच. संध्याकाळी एक तांब्या सगळ्या भांड्यांना मिळून, धार धरून.

लहानपणी मला लाज वाटायची. शाळेत पोरं म्हणायची तुमच्यात भांडे धूत नाहीत. आज मास्तरीणबाईंचं वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की आई अडाणी नव्हती.

पण जुलाब व्हायचे, खोटं कशाला बोलू. माझी बारकी बहीण एका साली मरता मरता वाचली. भांड्यांमुळे नाही. जिथून कळशी भरायचो त्याच पाटाच्या वरच्या अंगाला सगळी टोळी बसायला जायची. संडास नव्हते ना. कितीही भांडी घासली असती तरी ते पाणी तेच होतं.

माळवद | सोमवार, दुपारी २:५५

कोयतादादा, तुमच्या माउलीला नमस्कार सांगा.

टाकीवाला | सोमवार, सायंकाळी ७:१०

मी एका खेड्यात ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो, अकरा वर्षं झाली. औसेकरीणताई शहरात आहेत पण नळाची गोष्ट सगळीकडं तीच.

आठ दिवस पाईप रिकामा असतो. तो गटाराशेजारून, कुठं गटारातूनच गेलेला असतो. जोडावर कुठं तरी गळती असतेच. पाणी चालू असतं तेव्हा गळतीतून पाणी बाहेर पडतं, ते सगळ्यांना दिसतं. बंद झालं की पाईप आत ओढतो, गटाराचं पाणी आत येतं, ते कुणाला दिसत नाही. मग आठ दिवसांनी मी वॉल उघडला की ते सगळं पुढं ढकलत पहिल्या धारेला तुमच्या नळाला. लोकांना तर पहिली धार पकडायची घाई असते, शेजारणीच्या आधी. माझं हात जोडून सांगणं आहे, पहिली पाच-दहा मिनिटं पिण्याची घागर लावू नका. ते पाणी संडासच्या बॅरलला, झाडाला घाला. वाया काहीच जात नाही, फक्त क्रम बदलतो.

दुसरं टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. ३३ टक्क्यांची ताजी पावडर असली तर हजार लिटरला ५ ग्रॅम, आणि अर्धा तास थांबायचं. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की पावडरीतला दम जातो, म्हणून जुनी पावडर टाकून समाधान मानू नये. टाकलं की नाही ते बघायला ओटी टेस्ट असते. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. आरोग्यसेवकाकडं किट असतं, गावात कुणीही मागून बघू शकतं, तुमचा हक्क आहे. नळाच्या टोकाला शेवटच्या घरात लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे.

पण साठवलेल्या पाण्यात क्लोरीन आठ दिवस टिकत नाही. उघड्या बॅरलमधला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उडून जातो. सातव्या दिवशी तुमच्या टाकीतलं पाणी दिसायला काच असलं तरी त्याच्यात राखणदार कुणी नाही. लेकराच्या पिण्याचं तेवढं उकळा, खळखळ एक मिनिट, आणि त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. आणि आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतून घासा, नाहीतर डेंग्यूच्या डासाला आठ दिवस पुरतात.

पितळी डबा | सोमवार, रात्री ९:००

सगळं वाचलं. पण मला एक वेगळं म्हणायचंय, कुणी रागावू नका.

जंतू मरतात-जगतात ते ठीक, पण भांडं म्हणजे नुसते जंतू नाहीत. ताटाला तेलाचा हात लागला, पेल्याला अंड्याचा वास आला की माझा घास खाली उतरत नाही. वशाट केलेलं भगुनं मी तीनदा घासते आणि घासत राहणार. आमच्या लहानपणी कल्हईवाला आला की आई पितळेचं एकेक भांडं उजेडात धरून बघायची, आत कुठं पिवळं दिसतंय का. दिसलं की त्यात ताक-आमटी नाही म्हणजे नाही, कळकतं म्हणून. कथील तापवून, नवसागर टाकून तो कापसाच्या बोळ्यानं भांडं आतून पुसायचा आणि बघता बघता चांदी व्हायची. आईचं ते उजेडात धरून बघणं माझ्या हातात आलंय. त्याला तुम्ही पाण्याची नासाडी म्हणाल का?

नांदेडची मास्तरीण | सोमवार, रात्री ९:३५

अजिबात नाही. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवलं तर तांबं-जस्त अन्नात उतरतं, मळमळ, उलट्या होतात. तुमच्या आईचं बघणं शंभर टक्के शास्त्र होतं.

वासाचंही कारण आहे. अंड्याचं आणि दुधाचं भांडं आधी गरम पाण्यात घालू नका, प्रथिनं चिकटून बसतात आणि मग तीन घासण्या लागतात. आधी गार पाण्यानं विसळा, मग साबण. पाणी निम्म्यावर येईल. बोअरचं पाणी असेल तर ताटावर जो पांढरा थर येतो तो क्षारांचा, घाण नव्हे. घासून हात दुखवू नका, लिंबाच्या सालीनं निघतो.

किळस वाटते तिथं जास्त घासावं, घर आपलं आहे. मला फक्त एवढंच वाटतं की किळसेपायी घासण्याच्या नादात पाण्यातली खरी घाण नजरेतून सुटू नये.

सांजवात | सोमवार, रात्री ११:५०

किळस शब्द आला म्हणून लिहितेय. भांडायला नाही.

माझी माय संभाजीनगरात बावीस वर्षं चार घरची धुणी-भांडी करते. चारही घरचे लोक चांगले आहेत, माझ्या फीला मदत केलीय. तिनं घासलेल्या ताटात सगळी घरं जेवतात. तिला चहा देतात, रोज. कप वेगळा, दांडी तुटलेला, खिडकीच्या गजात ठेवलेला. चहा झाला की तो तिनंच धुवून परत गजात ठेवायचा. त्या घरातली एक काकू खूप स्वच्छतेची, प्रत्येक भांडं दोनदा घासून घेते. मी लहानपणी मायसोबत जायचे तेव्हा विचार करायचे की मायच्या हातानं ताट स्वच्छ होतं आणि मायच्या ओठानं कप घाण कसा होतो? साबण तर तोच.

हात बघाल तर बोटांची टोकं सोललेली, पावडरनं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात भेगा पडतात आणि मिठाचं भांडं घासताना डोळ्यांतून पाणी येतं. कुणाकडं कामाला बाई येत असेल तर चांगला साबण द्या, रबरी हातमोजे द्या, आणि भांडी उन्हं वर यायच्या आत गार पाण्यात घासायला लावू नका.

घडवंची | मंगळवार, सकाळी ६:३०

सांजवात, रात्री वाचलं आणि झोप आली नाही. आमच्याकडंही वेगळा कप आहे. सासूबाईंच्या वेळेपासून आहे, मी कधी विचारच केला नव्हता. आज मावशी आल्या की माझ्याच कपबशीतला चहा देणार आहे. आधी केलं नाही ह्याची मला लाज वाटते.

पितळी डबा | मंगळवार, सकाळी ७:०५

मलाही बोचली ही गोष्ट.

बाळंतीण_जालना | मंगळवार, सकाळी १०:००

मधेच विचारते. दुधाची बाटली कशी धुवायची? पाच महिन्यांचं बाळ आहे, वरचं दूध चालू करावं लागलं.

नांदेडची मास्तरीण | मंगळवार, सकाळी १०:२५

शक्य असेल तर बाटली सोडाच. बुचाच्या आणि फिरकीच्या खाचांत दूध अडकतं, ब्रश पोचत नाही. बाटल्यांच्या जाहिरातीवर तर १९९२ च्या कायद्यानं बंदीच आहे. वाटी-चमचा वापरा, अंगणवाडीतही तेच सांगतात. दोन्ही वस्तू गुळगुळीत, साबणानं घासून पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या आणि काढताना आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. उरलेलं दूध पुन्हा पाजू नका. अजून जमत असेल तर अंगावरचं दूध काढून वाटीनं पाजणं सगळ्यात उत्तम.

औसेकरीण | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे खूप आभार. मी काल काय केलं ते सांगते.

काल सुट्टी घेतली होती. सकाळी सहापासून जेवणं होईपर्यंत स्वयंपाकघरात पाटावर बसले, भाजी निवडायचं निमित्त करून, आणि नुसतं बघत राहिले.

सासूबाईंचं दुसरं विसळणं मी आजवर नीट बघितलंच नव्हतं. मला वाटायचं त्या प्रत्येक भांड्यावर पाणी ओततात. तसं नाही. मोरीच्या कडेला एक बादली भरून ठेवतात आणि त्यात एकेक भांडं बुचकळून काढतात. पाणी वाचावं म्हणून. २०१६ ला लागलेली सवय. सहाला बादली भरली, त्यात चहाची भांडी, मग परात, मग ताटं, मग पेले. अकराला मी उठून बादलीत बघितलं. वर तेलाचा तवंग, तळाला पिठाचा गाळ, एक भाताचं शीत. आणि मधल्या वेळेत धाकटा न्हाणीतून आला, त्याच बादलीत दोन्ही हात बुडवून धुतले, आजीनं कौतुकानं बघितलं की लेकरू हात धुतंय. त्यानंतर त्याच्या जेवणाचं ताट त्यात बुचकळलं गेलं.

मी बादलीकडं बघत उभी राहिले. एवढी वर्षं त्या माउलीनं जीव ओतून जे केलं त्यातूनच हे येत होतं.

माठाचंही तेच. तांब्या जमिनीवर ठेवलेला, धाकटा तोच माठात बुडवतो, कोपरापर्यंत हात आत. पुसायचं फडकं एकच: ताटाला, ओट्याला आणि त्याच्या नाकाला.

सासूबाईंना कसं सांगू, हा प्रश्न होता. "तुमच्यामुळे" हा शब्द मला तोंडातून काढायचा नव्हता.

माळवद | बुधवार, रात्री १०:३०

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडंही अशीच बादली असते.

कोयता | बुधवार, रात्री १०:४४

सांगितलं का मग?

नांदेडची मास्तरीण | गुरुवार, सकाळी ७:००

ताई, तुम्ही एका सकाळी जे बघितलंत ते माझ्या वर्षभराच्या तासांना जमत नाही. आता धाकट्याचे हात साबणानं आणि वरून ओतलेल्या पाण्यानं धुवा, संडासनंतर आणि जेवायच्या आधी. अनेक देशांतल्या अभ्यासांत एवढ्यानंच जुलाब साधारण ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसलेत. अर्धा तांब्या पाणी पुरतं.

औसेकरीण | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:००

उशीर झाला, माफ करा.

सांगितलं. टाकीवालादादांचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं, पहिल्या धारेचं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, पाण्याचं बोलणं म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. मग म्हणाल्या, "म्हंजी घागरीतलं पाणीबी घाणच की." मी म्हटलं, आत्या, मग आपण वाळलेल्या ताटाला तेच लावतोय ना? त्या गप्प बसल्या. दुपारी स्वतःच म्हणाल्या, "तवा तर तापणारच हाय. त्याला कशाला पाणी." तिथून सुरू झालं.

आता भांडी दुपारीच घासून होतात. गच्चीवर खाटेवर टाकतो, चार वाजता काढून फळीवर पालथी, वर सासूबाईंच्याच जुन्या नऊवारीचा धुतलेला तुकडा. रात्रीची चार ताटं तेवढी घासून ओट्यावर तिरकी लावतो. बादली बंद. लागलंच तर पेल्यानं वरून धार. माठाला तोटी बसवून घेतली, लेकरांच्या पिण्याचं उकळतो. घासणी खिळ्याला. फडकी तीन केली, तीन रंगांची, म्हणजे मामंजींनाही कळतं.

देवाची भांडी आणि स्वतःचं ताट सासूबाई अजून विसळूनच घेतात. मी काही बोलत नाही. पेल्यानं धार धरून घेतात, तेवढं बास आहे. वाचलेल्या बादलीतली अर्धी कढीपत्त्याला जाते, त्याला नवी पालवी आलीय.

धाकट्याला तीन आठवड्यांत काही झालेलं नाही. तीन आठवडे म्हणजे फार नव्हे, मला माहीत आहे. पण आज सकाळी तो न्हाणीतून आला आणि सवयीनं मोरीकडं गेला, बादली शोधायला. नव्हती. सासूबाईंनी तांब्या घेतला, त्याच्या हाताला साबण चोळला आणि वरून बारीक धार धरली. म्हणाल्या, "आसं. अन् दुसरा हात."